प्रेसखाली हात जाण्याआधी : लहान कारखानदाराच्या सुरक्षाविषयक कायदेशीर जबाबदाऱ्या आणि भरपाईचे दावे

अपघात झाल्यावर मालकाच्या तोंडून बहुधा पहिले वाक्य निघते ते असे : ‘त्याचीच चूक होती, त्याने हात घातलाच कशाला?’ हे वाक्य खरे असले तरी भरपाईच्या कायद्यात त्याचा उपयोग जवळपास शून्य आहे. काम करताना आणि कामामुळे इजा झाली एवढे सिद्ध झाले की भरपाई देय होते. मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर नसते आणि कामगाराचा साधा निष्काळजीपणा दाखवून मालकाची सुटकाही होत नाही. दावा टाळण्याचा मार्ग कोर्टात नसून मशीनजवळ आहे, आणि हा लेख त्याच क्रमाने लिहिला आहे : कायदा आणि विमा, मग मशीन, माणसे, कागद आणि शेवटी अपघाताचा दिवस.

उदाहरण म्हणून मी भोसरी, चाकण, वाळूज किंवा सातपूर अशा औद्योगिक वसाहतीतला पंधरा ते पन्नास माणसांचा प्रेस शॉप, म्हणजे दाब देऊन पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रांचा (प्रेसचा) कारखाना, डोळ्यांसमोर ठेवला आहे. पत्रा कापणे, छिद्र पाडणे, वाकवणे हे काम वाहन उद्योगाच्या पुरवठासाखळीत सगळ्यांत खालच्या पायरीवर चालते, भाव कमी असतो, माल रोज पोहोचवावा लागतो आणि बोटे तुटण्याचे प्रसंगही येथेच घडतात. फाउंड्री, प्लास्टिक मोल्डिंग किंवा लाकूडकामाच्या कारखान्यालाही पुढची बरीचशी चौकट तशीच लागू पडते.

आपल्याला कोणता कायदा लागू होतो, हे आधी कागदावर लिहा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षेच्या बाबतीत १९४८ च्या कारखाने अधिनियमाची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. भरपाईच्या १९२३ च्या आणि राज्य कामगार विम्याच्या १९४८ च्या कायद्यांचा समावेश सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये झाला. जुन्या कायद्यांखालचे नियम संहितेशी विसंगत नसतील तिथपर्यंत संक्रमणकाळासाठी चालू राहतात आणि संहिता लागू होण्यापूर्वीच्या अपघातांचे दावे जुन्या कायद्यानुसार चालतात. म्हणून सल्लागार ‘आता सगळे बदलले’ किंवा ‘काहीच बदललेले नाही’ असे सांगत असेल, तर त्याला नेमके कलम विचारावे.

नव्या सुरक्षा संहितेनुसार वीज वापरून उत्पादन करणारी जागा वीस किंवा अधिक कामगारांवर ‘कारखाना’ ठरते, वीज नसल्यास चाळीसवर. जुन्या केंद्रीय कायद्यात हे आकडे दहा आणि वीस होते. ‘आपण सुटलो’ असा अर्थ काही जणांनी काढला आहे, तो चुकीचा आहे. संहिता दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाही लागू होते, आणि भरपाईच्या कायद्याला तर माणसांच्या संख्येची अटच नाही. तीन माणसांच्या वर्कशॉपमध्ये हेल्परचे बोट तुटले तरी भरपाई द्यावी लागते.

मालकाचे मूळ कर्तव्य जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ७-अ मध्ये होते, ते नव्या संहितेच्या कलम ६ मध्ये आले आहे : कामाची जागा इजा किंवा व्यावसायिक आजार होईल अशा धोक्यांपासून मुक्त ठेवणे. त्याच कलमात विहित वर्गातील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र या गोष्टीही आहेत. सुरक्षेसाठी जे काही पुरवले त्याचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत, तेव्हा हातमोज्यांचे पैसे पगारातून कापत असाल तर ते आजच थांबवा.

दंडाचे आकडेही माहीत हवेत. कर्तव्यात कसूर झाल्यामुळे मृत्यू झाला तर संहितेच्या कलम १०३ नुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान पाच लाख रुपये दंड किंवा दोन्ही. गंभीर इजा झाली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दोन ते चार लाख रुपये दंड किंवा दोन्ही. या दंडातील किमान निम्मी रक्कम पीडिताला किंवा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. याशिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पोलिसांत वेगळा गुन्हा नोंदला जाऊ शकतो, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. विमा कंपनी भरपाई देईल, तुमच्या जागी आरोपी म्हणून उभी राहणार नाही.

भरपाईचा हिशेब स्वतः करून पाहा

हा हिशेब मी प्रत्येक कारखानदाराला आपल्या हाताने करायला सांगतो, कारण तो केल्यावर गार्डची, म्हणजे मशीनच्या धोकादायक भागावरच्या आवरणाची, किंमत वेगळी दिसू लागते. सूत्र सोपे आहे. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास मासिक वेतनाच्या ६० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचे. मृत्यू झाल्यास वेतनाच्या ५० टक्के रकमेला. गुणक वय वाढेल तसा उतरतो : विसाव्या वर्षी २२४.००, तिसाव्या वर्षी २०७.९८, चाळिसाव्या वर्षी १८४.१७, पन्नासाव्या वर्षी १५३.०९. जुन्या भरपाई कायद्याखाली हिशेबासाठी मासिक वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची आहे.

समजा, तीस वर्षांचा ऑपरेटर आहे आणि त्याचे वेतन १५,००० किंवा त्याहून अधिक आहे. मृत्यू झाल्यास ७,५०० गुणिले २०७.९८, म्हणजे १५,५९,८५० रुपये. पूर्ण अपंगत्व आल्यास ९,००० गुणिले २०७.९८, म्हणजे १८,७१,८२० रुपये. बोटे तुटली तर भरपाई कायद्याच्या परिशिष्टातील टक्केवारी लागते : एका हाताची तीन बोटे गेली तर ३० टक्के, दोन गेली तर २० टक्के, चारही गेली तर ५० टक्के, अंगठा गेला तर ३० टक्के, पूर्ण तर्जनी गेली तर १४ टक्के. म्हणजे या ऑपरेटरची तीन बोटे तुटल्यास ५,६१,५४६ रुपये, आणि उपचाराचा प्रत्यक्ष खर्च वेगळा.

परंतु परिशिष्टाचा टक्का हा तळ आहे, छत नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९७५ मध्ये निकाल दिलेल्या प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबता या प्रकरणातील कामगार सुतार होता आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची क्षमता शंभर टक्के गेली, असे न्यायालयाने मान्य केले. त्याच निकालाने आणखी एक गोष्ट पक्की केली : भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, दाव्याचा निकाल लागेल त्या दिवशी नव्हे. एक महिन्यात रक्कम दिली नाही तर १२ टक्के दराने व्याज लागते आणि उशिराला समर्थनीय कारण नसेल तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागतो. वरच्या उदाहरणात हा दंड २,८०,७७३ रुपयांपर्यंत जाऊ शकतो. ‘बघू, दावा तर करू दे’ असे म्हणत घालवलेल्या प्रत्येक वर्षाला सुमारे ६७ हजार रुपये व्याज चढत जाते ते वेगळेच.

राज्य कामगार विमा की स्वतंत्र पॉलिसी : कोणताही माणूस मधल्या फटीत राहू देऊ नका

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला प्रत्येक जण राज्य कामगार विम्यात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘ईएसआय’मध्ये यायला हवा. मालकाचा वाटा वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराचा ०.७५ टक्के आहे. या विम्याचे खरे मोल पुष्कळ मालकांना कळलेले नसते. विमाधारक कामगाराला कामावर इजा झाली तर उपचार, तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के, कायमच्या अपंगत्वात आजीवन लाभ आणि मृत्यू झाल्यास आश्रितांना निवृत्तिवेतन राज्य कामगार विमा महामंडळ देते. त्या बदल्यात जुन्या राज्य विमा कायद्याच्या कलम ५३ नुसार त्याच इजेसाठी मालकाकडून वेगळी भरपाई वसूल करता येत नाही. नुकसानीचा दिवाणी दावाही या मनाईत येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली वेस्टर्न इंडिया प्लायवूडच्या निकालात स्पष्ट केले.

इतके भक्कम संरक्षण असताना माणसाला ‘तीन महिने टिकतो का बघू, मग नाव घालू’ म्हणून बाहेर ठेवणे ही या क्षेत्रातली सगळ्यांत महाग काटकसर आहे. नवा माणूसच मशीनला अनोळखी असतो आणि इजा होण्याची भीती त्यालाच जास्त असते. म्हणून नियम एकच करावा : नोंदणी झाल्याशिवाय प्रेसला हात नाही. अपघात झाल्यावर घाईघाईने नाव घातले की नोंदणीची वेळ आणि अपघाताची वेळ शेजारी ठेवून अधिकारी प्रश्न विचारतात, आणि मग मालकाच्या इतर कागदांवरचाही विश्वास उडतो.

जे विम्याच्या वेतनमर्यादेबाहेर आहेत, किंवा कारखान्यात दहापेक्षा कमी माणसे आहेत म्हणून जे विम्यात येत नाहीत, त्यांच्यासाठी कर्मचारी भरपाईची पॉलिसी घ्यावी. लहान आस्थापनांना स्वेच्छेने राज्य विम्यात येण्याची सोय नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आहे, तीही तपासावी. पॉलिसी घेताना चार गोष्टी लेखी पाहाव्यात : जाहीर केलेली माणसांची संख्या आणि वेतन खरे आहे का, ठेकेदाराची माणसे त्यात धरली आहेत का, उपचारखर्चाचे जोडकलम घेतले आहे का आणि त्याची मर्यादा किती, कामाचे वर्णन बरोबर आहे का. हप्ता वाचवण्यासाठी प्रेस ऑपरेटरला ‘पॅकिंग कामगार’ लिहिलेले मी पाहिले आहे. अशा पॉलिसीचा उपयोग नेमका लागतो तेव्हा होत नाही. आणखी एक : उशिराबद्दलचा जो ५० टक्क्यांपर्यंतचा दंड वर सांगितला, तो विमा कंपनीवर ढकलता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच वेदप्रकाश गर्ग प्रकरणात हे ठरवून दिले आहे.

कामावर येता-जातानाचा अपघातही आता दुर्लक्षून चालणार नाही. धाराशिव जिल्ह्यातील साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ साली पहाटेच्या पाळीसाठी निघाला असताना वाटेत अपघातात गेला. त्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी संबंध जुळत असेल तर असा अपघातही नोकरीच्या ओघातला मानावा. रात्रपाळीच्या माणसांना वाहन पुरवत असाल तर चालकाचा परवाना आणि वाहनाचा विमा तुमच्या फायलीत असावा.

आता मशीनजवळ चला

वही घ्या आणि प्रत्येक प्रेससमोर किमान दहा मिनिटे उभे राहा, मशीन चालू असताना आणि ऑपरेटरला आधी न सांगता. एकच प्रश्न विचारा : पंच (वरून आपटणारे हत्यार) खाली येत असताना हात डायमध्ये (खालच्या साच्यात) जाऊ शकतो का? उत्तर ‘जाऊ शकतो, पण तो घालत नाही’ असे असेल तर ते मशीन असुरक्षित आहे. धोकादायक भागाला भक्कम आवरण असलेच पाहिजे आणि मशीन चालू असताना ते जागेवर राहिले पाहिजे, असे जुन्या कारखाने अधिनियमाचे कलम २१ सांगत आले आहे; माणसाच्या सावधपणाला कायदा आवरण मानत नाही.

पुढचा उपाय प्रेसच्या जातीवर अवलंबून आहे आणि येथे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. जुना पिन क्लच किंवा की क्लचचा यांत्रिक प्रेस (क्लच म्हणजे फिरते चाक पंचला जोडणारा भाग) एकदा सुटला की फेरी पूर्ण केल्याशिवाय थांबत नाही. त्याच्यासमोर प्रकाशपडद्याचा सेन्सर लावणे व्यर्थ आहे, कारण सेन्सरने हात पाहिला तरी मशीनला मध्येच थांबता येत नाही. शिवाय अशा क्लचची पिन झिजली की पेडल न दाबताही दुसरा फटका बसतो, ज्याला शॉपमध्ये ‘डबल मारणे’ म्हणतात. अशा प्रेसला डायभोवती बंद, स्थिर गार्डच हवा, ज्याच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. डायजवळची फट सहा मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी. किंवा असा इंटरलॉक गार्ड हवा, जो बंद झाल्याशिवाय क्लच सुटत नाही आणि फेरी संपेपर्यंत उघडत नाही.

न्यूमॅटिक, म्हणजे हवेच्या दाबावर चालणारा, क्लच असलेला किंवा तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक प्रेस मध्येच थांबू शकतो, म्हणून त्याला सेन्सर किंवा दोन्ही हातांची बटणे लावता येतात; मात्र अंतर मोजून. माणसाचा हात सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने पुढे जातो असे धरतात. मशीन थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर सेन्सर डायपासून किमान ४०० मिलिमीटर दूर हवा, वर सेन्सरच्या रचनेनुसार आणखी काही. पुरवठादाराकडून थांबण्याचा वेळ मोजून घ्या आणि तो आकडा मशीनवर रंगवून ठेवा, कारण ब्रेकचे लायनिंग झिजले की हा वेळ वाढतो आणि तेव्हा सेन्सर असूनही हात सापडतो. दोन बटणे एकाच वेळी दाबली तरच फटका बसावा आणि एक बटण टेपने दाबून ठेवले तर मशीन चालू नये, हे स्वतः करून पाहावे. फूट पेडलवर बंदिस्त आवरण नसेल तर वरून पडलेला जॉबसुद्धा (घडवायचा तुकडा) प्रेस सोडू शकतो.

एका शॉपमध्ये नवे गार्ड चकचकीत अवस्थेत स्टोअरच्या कपाटात होते. विचारल्यावर कळले की गार्ड लावला की तासाला निघणारे नग कमी होतात आणि पगाराचा काही भाग नगांवर आहे. तेथे दोष ऑपरेटरचा नव्हता. गार्ड लावून जितके नग निघतात तेवढेच लक्ष्य ठरवणे, जॉब ठेवायला चुंबकी दांडा किंवा चिमटा देणे, जमेल तेथे सरकपट्टी किंवा फीडर बसवणे ही कामे मालकाची आहेत. लक्ष्य आणि गार्ड एकमेकांच्या विरुद्ध ठेवले तर गार्ड हरतो. मी याला अपवाद पाहिलेला नाही.

डाय बदलणे आणि दुरुस्ती यांसाठी वेगळी पद्धत हवी. मेन स्विच बंद केला तरी फ्लायव्हील, म्हणजे प्रेसचे जड चाक, बराच वेळ फिरत राहते आणि रॅम, म्हणजे पंच धरणारा वर-खाली होणारा भाग, स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकतो. म्हणून क्रम असा : वीज बंद, स्विचला फिटरचे स्वतःचे कुलूप आणि नावाची पाटी, फ्लायव्हील थांबेपर्यंत प्रतीक्षा, हवेचा दाब सोडणे, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (आधाराचा ठोकळा) आणि मग हात. किल्ली फिटरच्याच खिशात राहिली पाहिजे, सुपरवायझरकडे नाही. मशीन चालू ठेवूनच पाहणी करणे अपरिहार्य असेल तर प्रशिक्षित, घट्ट कपडे घातलेला आणि ज्याचे नाव नोंदवहीत आहे असाच माणूस तेथे असावा.

होइस्ट, साखळ्या, क्रेन आणि कॉम्प्रेसरची टाकी यांची ठरावीक मुदतीने सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते. जुन्या कारखाने अधिनियमात होइस्ट व लिफ्टसाठी सहा महिने आणि उचलण्याच्या यंत्रांसाठी बारा महिने अशी मुदत आहे. सक्षम व्यक्तीला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाची मान्यता आहे ना, ते पाहून घ्या आणि तपासणीच्या वेळी स्वतः हजर राहा.

ठेकेदाराची माणसे, शिकाऊ उमेदवार आणि कॅज्युअल

‘तो माझा माणूस नाही, ठेकेदाराचा आहे’ हे दुसरे निरुपयोगी वाक्य. तुमच्या व्यवसायाचे काम तुमच्या जागेत ठेकेदारामार्फत करून घेतले, तर भरपाई थेट तुमच्याकडून मागता येते. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क तुम्हाला आहे, पण ठेकेदाराकडे वसूल करण्याजोगे काही असेल तरच त्याला अर्थ. म्हणून ठेकेदाराचे महिन्याचे बिल मंजूर करण्यापूर्वी तीन कागद मागा : त्या महिन्याचे विमा चलन, त्यातील माणसांची नावे आणि तुमच्या गेटवरची हजेरी. नावे जुळली नाहीत तर बिल थांबवा. शिकाऊ उमेदवारालाही शिकाऊ उमेदवारी कायद्याच्या कलम १६ नुसार इजेची भरपाई मिळते, तेव्हा ‘ट्रेनी’ या शब्दाने जबाबदारी हलकी होत नाही. अल्पवयीन मुलाला प्रेसवर उभे करू नका. वयाचा पुरावा पाहिल्याशिवाय कोणालाच घेऊ नका.

प्रशिक्षण आणि कागद : जे घडले तेच लिहा

भरपाईच्या कायद्यात मालकाला मिळणारा एक बचाव असा : कामगार नशेत होता, किंवा सुरक्षेसाठी स्पष्टपणे दिलेला आदेश त्याने जाणूनबुजून मोडला, किंवा त्याने गार्ड जाणूनबुजून काढला. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर हा बचाव उपलब्धच नाही. उरलेल्या इजांमध्येही तो टिकायचा असेल तर आदेश दिला होता, तो त्याला समजेल अशा भाषेत दिला होता आणि तो मोडणाऱ्यांवर याआधी कारवाई झाली होती, हे तिन्ही दाखवावे लागते. सुपरवायझर रोज गार्डविना चाललेले मशीन पाहून पुढे जात असेल तर तो आदेश कागदावरचाच राहतो.

पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर परिसरातील शॉपमध्ये बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेली माणसे मोठ्या संख्येने असतात. त्यांना मराठी किंवा इंग्रजी पाटी वाचायला लावणे म्हणजे न सांगण्यासारखेच आहे. हिंदीत, मशीनजवळ, हातांनी करून दाखवा. मग त्यालाच करून दाखवायला सांगा. नोंदवहीत तारीख, मशीन क्रमांक, काय शिकवले, कोणी शिकवले आणि कामगाराची सही एवढे पुरे. वर्षाच्या शेवटी एकाच पेनाने भरलेली, एकाच दिवशी सह्या घेतलेली नोंदवही कोणत्याही अनुभवी निरीक्षकाला दुरून ओळखता येते. ती असण्यापेक्षा नसलेली बरी, असे मी स्पष्टपणे म्हणतो, कारण ती खोटेपणाचा पुरावा होते.

नेमणुकीच्या वेळी कामगाराला भरपाईच्या हक्काची माहिती लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत देणे हे २०१७ पासून मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. नेमणूकपत्रात दोन ओळी घातल्या की ते पार पडते.

थोडक्यात टळलेल्या अपघातांचीही वही ठेवा : डबल मारलेला प्रेस, निसटलेली साखळी, बंद पडलेला सेन्सर. सांगणाऱ्याला ओरडा बसला की ही वही कोरी राहते आणि मालक अंधारात राहतो. गंभीर धोका तत्काळ ओढवेल अशी रास्त भीती वाटली तर ते थेट किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत मालकाच्या निदर्शनाला आणण्याचा हक्क सुरक्षा संहितेच्या कलम १४ ने कामगाराला दिला आहे; अशा वेळी मशीन थांबवणाऱ्याला बोल लावू नका. सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती पाचशे कामगारांच्या, किंवा धोकादायक प्रक्रिया असल्यास अडीचशे कामगारांच्या कारखान्यापासून सुरू होते. लहान शॉपमध्ये हे काम मालकाने स्वतः, आठवड्याचा एक ठरावीक तास देऊन केले तर उत्तम.

अपघात झालाच तर

पहिला तास जखमीचा आहे. मशीन बंद करा, जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात हृदयापेक्षा उंच ठेवा. तुटलेले बोट शोधा. ते स्वच्छ, किंचित ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोट थेट बर्फात किंवा पाण्यात टाकल्यास पेशी मरतात आणि ते जोडता येत नाही. तुटलेले बोट जोडण्याची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, त्याचा क्रमांक आणि रात्रीचे वाहन या तीन गोष्टी आजच भिंतीवर लिहून ठेवा. रुग्णालयात ‘घरी पडला’ असे सांगू नका. हा खोटेपणा वैद्यकीय कागदावर कायमचा राहतो, कामगाराचा विमालाभ अडकतो आणि पुढे तोच कागद तुमच्या विरोधात उभा राहतो.

त्याच दिवशी मशीन जसे आहे तसे राहू द्या. गार्ड नंतर बसवून फोटो काढण्याचा मोह होतो. तो पुराव्याशी खेळ आहे. मशीनचे, पेडलचे, गार्डच्या स्थितीचे फोटो वेळेसह काढा, पाहणाऱ्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. मृत्यू झाला असेल, किंवा माणूस ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ कामावर येऊ शकणार नसेल, तर अपघाताची सूचना औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला विहित नमुन्यात द्यावी लागते. मृत्यूच्या बाबतीत ती लगेच द्यावी. विमाधारक असल्यास अपघातवहीत नोंद करून फॉर्म १२ चा अहवाल राज्य विमा कार्यालयाला विनाविलंब पाठवावा. खासगी पॉलिसी असल्यास विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे, कारण उशिरा कळवणे हे दावा नाकारण्याचे नेहमीचे कारण असते.

दावा आणि तडजोड

‘दोन लाख रोख घे आणि सही कर’ अशा तडजोडी अजूनही होतात. कायद्याच्या दृष्टीने त्या कागदाची किंमत काहीच नाही. भरपाईचा हक्क सोडून देणारा किंवा कमी करणारा करार जुन्या भरपाई कायद्याच्या कलम १७ नुसार रद्दबातल ठरतो आणि मृत्यूची भरपाई तर थेट कुटुंबाच्या हातात देताच येत नाही. ती भरपाई आयुक्तांकडे किंवा नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. थेट दिलेले पैसे, काही मर्यादित आगाऊ रक्कम सोडली तर, भरपाईत धरले जात नाहीत, म्हणजे मालकाला दोनदा द्यावे लागण्याची वेळ येते. म्हणून रकमेबद्दल वाद नसेल तर एक महिन्याच्या आत जमा करा आणि करार असेल तर तो नोंदवून घ्या. रकमेबद्दल वाद असेल तर तुम्हाला जेवढी जबाबदारी मान्य आहे तेवढी रक्कम आधी जमा करा. उरलेल्याबद्दल वाद घालता येतो आणि व्याज फक्त त्या उरलेल्यावर चढते.

जखमी माणूस बरा होऊन येतो तेव्हा त्याला कामावरून काढण्याचा विचारही करू नका. विमालाभ चालू असताना काढून टाकण्यास किंवा शिक्षा करण्यास कायद्याची मनाई आहे. तीन बोटे गेलेला माणूस तपासणी विभागात, स्टोअरमध्ये किंवा गेटवर काम करू शकतो, आणि त्याला नेमके काय जमते हे डॉक्टरांकडून लेखी घेऊन तसे काम द्यावे. त्याला पूर्वीचा पगार मिळत राहिला तर त्याच्या घराला आधार मिळतो आणि बहुतेक वेळा वकिलाकडे जाण्याची वेळच त्याच्यावर येत नाही.

ज्या प्रेसवर हात गेला तो दुरुस्त झाल्यावर त्याच दिवशी सुरू करू नका. त्याच्या शेजारच्या, त्याच बनावटीच्या सगळ्या प्रेसचे क्लच, ब्रेक आणि गार्ड त्याच यादीने तपासा, काय सापडले ते तारखेसह लिहा, आणि त्या पाळीतल्या सगळ्यांना मशीनभोवती उभे करून काय झाले आणि काय बदलले ते सांगा. पुन्हा पहिला फटका मारताना मालकाने स्वतः तेथे उभे राहावे.